चारी तारा लागेपर्यंत

"मॅडम, तेवढा खटका पडायचा बंद करा. बाकी मला काय दुरुस्त करून घ्यायचं न्हाई आता."

रसूलभाई मिरजेत तंबोरे बनवतात. दुकानात विजेची शेगडी लावली की थोड्या वेळानं MCB पडायचा, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. MCB म्हणजे बोर्डातलं ते बटण, जे जास्त करंट जायला लागला की आपणहून पडतं आणि वायर जळू देत नाही. बिचारं आपलं काम करतं आणि शिव्या त्यालाच बसतात.

मी कोयनानगरला वीजघरात इंजिनियर होते. निवृत्त होऊन मिरजेत आले, आता अशी किरकोळ कामं करते. "धरणावरून शेगडीवर आला की!" असं लोक चिडवतात. चिडवू देत. मला सलतं ते वेगळंच. तिकडं डोंगराच्या पोटात जनरेटरची घूं दिवसभर चालायची. ती अंगात मुरली होती. ती बंद झाल्यापासून मला घर फार गप्प वाटतं.

दुकानात दुपारचं ऊन भोपळ्यांवर पडलं होतं. लाकडाचा भुसा हवेत तरंगत होता. कोपऱ्यात पटाशा, कानशी कापडात गुंडाळून वर गाठ मारलेली दिसली.

"ही हत्यारं कुठं निघाली?"

"पलीकडच्या दुकानात देऊन टाकतोय. हात गेला माजा."

माधवनगरच्या एका गाणाऱ्या बाईंनी त्यांच्या आईचा तंबोरा दुरुस्तीला दिला होता. भोपळा आणि दांडी यांचा सांधा रसूलभाईंनी सरस लावून बसवला. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेला डिंक, गरम करून लावायचा. तारा चढवल्या की सांधा उघडायचा. पुन्हा बसवला, पुन्हा उघडला. बाई रागावल्या नाहीत, नुसतं "आहे तसा न्यायला येते" म्हणाल्या. ते रसूलभाईंना जास्त लागलं होतं.

मी म्हटलं, "शेगडी लावा, रोजच्यासारखं काम करा. मी मोजते."

त्यांनी सरसाचं भांडं शेगडीवर ठेवलं, वर झाकण टाकलं, एक तयार तंबोरा मांडीशी घेतला आणि डोळे मिटून तारा लावायला बसले.

"आता हे कशाला?"

"चारी तारा लागल्या की सरस उतरायचा. वडलांपासून असंच हाय. आमी घड्याळ बघत न्हाई."

क्लॅम्प मीटर वायरीच्या एका पदराभोवती अडकवला की आतला करंट कळतो. मी तो अडकवला आणि बसून राहिले. खुंटी पिळताना सूर हळूहळू चढत होता. तारा एकमेकींत मिसळल्या आणि दुकान त्या नादानं भरलं. मला एकदम कोयनेच्या बोगद्यात उभं असल्यासारखं वाटलं. मीटर हातात होता, पण त्यावर नजर जायला बराच वेळ लागला. सुख म्हणजे काय असतं ते मला त्या दुपारी भुशात बसून कळलं, खोटं कशाला बोलू?

मग आकडा पाहिला. सात अँपिअर, आणि MCB सहाचा. व्होल्टेज दोनशे तीस.

हिशोब शाळेतलाच. व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स, म्हणजे तार विजेला किती अडवते ते. आला जवळजवळ तेहतीस ओहम. दोन्हींचा गुणाकार केला की पॉवर, म्हणजे उष्णतेचा जोर. तो सोळाशे वॅटच्या वर. शेगडीवर लिहिलेलं हजार! हजार वॅटच्या कॉइलचा, म्हणजे शेगडीतल्या तापणाऱ्या तारेचा, रेझिस्टन्स त्रेपन्नच्या आसपास हवा.

"रसूलभाई, कॉइल कधी बदलली?"

"बदलायची कशाला? तुटली की जळकं टोक कापतो, वढून पुन्हा अडकवतो. आमच्या घरात कुणी तार टाकून देत न्हाई."

आता उजेड पडला. दर तुटण्याला कॉइल आखूड होत गेली. आखूड तार कमी अडवते, करंट जास्त जातो, शेगडी जास्त तापते. मी भांड्यावरचं झाकण काढलं. सरस खदखदत होता.

"असा उकळू देता?"

"न्हाई हो! उकळला की त्याचा जीव जातो." ते भांड्याकडं बघत राहिले. "अलीकडं लय घट्ट व्हायचा. मला वाटलं, मालच तसला येतोय. मी पाणी घालत हुतो."

"तुमच्या तारा तेवढ्याच वेळात लागतात. शेगडीनं मात्र दीडपट घाई धरलीय."

त्यांनी मांडीशी असलेल्या तंबोऱ्याची एक तार बोटानं दाबून छेडली. मग म्हणाले, "तार आखूड केली की सूर चढतो, तसं व्हय हे?"

"अगदी तसंच."

"मग हात..."

"हात जागेवर आहे. शेगडी चढलीय."

त्यांनी पाठ फिरवली आणि उगाचच भुसा झाडायला लागले. मी बोर्डाचे स्क्रू आवळत बसले, जे आधीच घट्ट होते.

नवीन कॉइल टाकली. मीटर साडेचारच्या आत आला, MCB पडेना. रसूलभाईंनी माधवनगरला फोन करून थोडी मुदत मागितली. चारी तारा लागेपर्यंत नवा सरस तापवला, सांधा बसवला, पुरता वाळू दिला. बाई आल्या तेव्हा मीही मुद्दाम गेले. तारा चढल्या. सांधा हलला नाही. बाईंनी भोपळ्यावर गाल टेकला आणि डोळे मिटून छेडत राहिल्या. रसूलभाईंनी कोपऱ्यातल्या कापडाची गाठ सोडली.

तेव्हापासून माझी दुपार बहुधा तिथंच जाते. कॉइल तपासायला, असं मी सांगते. कॉइल तुटली तर नवीन घ्यावी, जोडू नये. आणि आपला हात गेला असं वाटलं, तर आधी शेगडीला मीटर लावावा.