पाळण्याच्या कडीला टांगलेलं ऑर्किड

"मुळ्या कायला बगायच्या, बाई? पाणी मी द्यायलोय ना. आख्ख्या गावाला देतो, मंग एका कुंडीला द्यायला मास्तर लावावा व्हय मी?"

फोनवर पलीकडं सटवाजीची सून राजेश्री होती. पहिलं बाळंतपण म्हणून ती पिंगळीला माहेरी गेलेली. तिनं पुन्हा तेच विचारलं, मामा, मुळ्या हिरव्या हायेत का करड्या? सटवाजीनं बैठकीतल्या खिडकीकडं एक नजर टाकली, चांगल्या हायेत म्हणून सांगितलं आणि फोन बायकोच्या हातात कोंबला. नर्मदाबाई डिंकाच्या लाडवाचं बोलली, सुनेला लेकीवाणी जपून राहा म्हणाली, पण झाडाचं काही बोलली नाही. पानं मलूल पडलेली तिला दिसत होती.

सटवाजी आमच्या गावचा पाणी सोडणारा. पेडगावकडून यायला लागलं की उंच टाकी दिसते, आणि टाकी दिसली की तिच्या पायाशी त्याची सायकल. हातात कमरेएवढी लोखंडी चावी. कुठल्या गल्लीचा वॉल कधी खोलायचा, कधी मिटायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात. सरपंच बदलले, चावी धरणारा हात बदलला नाही. वरच्या गल्लीतले बागाईतदार आणि खालच्या गल्लीतले मेंढरंवाले, दोघांशी तो सारखाच बोलतो, म्हणजे वाकडंच. कुणाच्या दारातून पाणी रस्त्यावर वाहताना दिसलं की गुमान त्या गल्लीचा वॉल मिटतो आणि तिथंच उकिडवा बसून बिडी पेटवतो. मग गल्लीच त्या घरवाल्याला धरून आणते.

त्याचा एक कायदा आहे. पिऊन उरलेलं पाणी मोरीत टाकायचं नाही, झाडाच्या बुडाला घालायचं. टँकरच्या सालात त्यानं हा कायदा लावला आणि टँकर बंद झाले तरी उठवला नाही. लग्नाच्या पंगतीत हात मागं बांधून फिरायचा, कोण गिलास कुठं उपडा करतो ते बघत. शाळेच्या लिंबाला पोरं बाटलीतलं उरलेलं घालतात ते त्याच्याच धाकानं. आमच्या गावात पाहुणा पाणी पितो, उरलेलं हातात घेऊन उठतो, आधी झाड हुडकतो आणि मग चप्पल.

ऑर्किड घरात आलं ते राजेश्रीबरोबर. लग्नाआधी ती परभणीत मंगल कार्यालयं सजवणाऱ्या एका बाईकडं कामाला होती. फुलं झडली की ही झाडं तिथं उकिरड्यावर जायची. त्यातलं एक तिनं उचललं, आणि रुखवताच्या भांड्यांबरोबर तीन पानं न् एक वाळकी काडी असलेली कुंडी सासरी आली. नर्मदाबाईनं तोंडावर काही म्हटलं नाही, पण शेजारी बोलून घेतलं. दुसऱ्या हिवाळ्यात त्या काडीच्या बाजूनं नवी दांडी निघाली आणि जांभळी फुलं लागली. महिना गेला, दुसरा गेला, फुलं हलेनात. शेजारची सरजाबाई तर नख लावून बघून गेली, पिलास्टिकचं तर न्हाई ना म्हणून.

माहेरी निघताना राजेश्रीनं सासऱ्याला सगळं समजावलं होतं. ह्याला माती नसते. आतली प्लास्टिकची कुंडी भोकाभोकाची, आरपार दिसणारी, तिच्यात झाडाच्या सालीचे तुकडे न् कोळसा. बाहेरची चिनी मातीची नुसती शोभेची, तिला भोक नाही. मुळ्या चांदीवाणी करड्या दिसल्या की आतली कुंडी उचलायची, बादलीत थोडा वेळ बुडवायची, पुरती निथळू द्यायची, मगच परत ठेवायची. हिरव्या असल्या तर हात लावायचा नाही. पानांच्या मधल्या बेचक्यात थेंब राहू द्यायचा नाही. बोअरचं पाणी खारं, ते नको. पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी तिनं ड्रमात झाकून ठेवलं होतं.

"मामा, ह्याला लोकं पाजून मारतेत," ती म्हणाली. "तानेलं राहिलं तर जगतंय. जमंल का तुमाला?"

पाण्याच्या बाबतीत जमंल का, असं त्याला गावात आजवर कुणी विचारलं नव्हतं. दारात सामान ठेवायला आलेला त्याचा पोरगा, राजेश्रीचा नवरा हरिओम, सरजाबाई, दोन-चार आणखी बाया, सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "वापस येशील तवा जितं झाड हातात देतो. न्हाई दिलं तर ही चावी पंचायतीत नेऊन टाकतो."

हे बोलणं सांजच्यापर्यंत वरच्या गल्लीत पोचलं. पारावर लोक विचारायला लागले, आबा, चावी कुणाला द्यायची ठरवलीत का?

सटवाजीनं कामात कसूर केली नाही, एवढं खरं. फक्त मुळ्यांचा रंग बघत बसणं त्याला पोरकट वाटलं. त्यानं झाडाला पाळी लावून दिली. देवळाच्या गल्लीला पाणी त्या दिवशी झाडाला पाणी. ड्रमातलं पाणी, बादली, बुडवणं, निथळणं, सगळं बरहुकूम. कुंडी उचलली की बाहेरच्या भांड्यात तळाला पाणी दिसायचं. नीट निथळलं नसंल म्हणून तो दस्तीनं पुसून घ्यायचा आणि पुढच्या पाळीला जास्त वेळ निथळत ठेवायचा. तरी पानं सुरकुतत चालली. कापूस मान टाकतो तसं झाड मान टाकायला लागलं, आणि कापूस मान टाकतो तेव्हा त्याला काय हवं असतं हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

संक्रांतीनंतर खालचं पान पिवळं पडून गळालं. मग भांड्यातल्या पाण्यावरून त्यानं नर्मदाबाईला धरलं, झाड तानेलं वाटून तू चोरून पाणी घालायलीस. ती परातीतलं पीठ मळता मळता म्हणाली, "मी हात बी लावला न्हाई. चावी तुमी लावली डावावर, मी न्हाई."

तिसऱ्या दिवशी टाकी भरायची थांबली, लाइट नव्हती, म्हणून तो दुपारचा बैठकीत पडून होता. तात्याराव आला. वरच्या गल्लीतला मोठा बागाईतदार. आमच्या गल्लीला धार बारीक येती, हे गाऱ्हाणं घेऊन. नर्मदाबाईनं तांब्या-गिलास ठेवला. तात्याराव अर्धा गिलास प्याला, गाऱ्हाणं अर्ध्या तासाचं केलं, उठला, आणि बोलता बोलताच, तिकडं न बघता, उरलेला अर्धा गिलास खिडकीतल्या कुंडीत ओतला. वर पानांवर हात फिरवून म्हणाला, "तुमचंच शिकवणं हाय, आबा. थेंब वाया घालत न्हाई आमी."

सटवाजी उठून बसला. पाणी कधी येणार हे विचारायला दिवसभर त्याच्या बैठकीत माणूस असतं. हळदीकुंकवाला तर निम्मं गाव येऊन गेलं होतं. प्रत्येकजण प्याला होता, आणि प्रत्येकानं इमानानं उरलेलं ओतलं होतं.

तात्याराव गेल्यावर त्यानं आतली कुंडी उपसली. बाहेरचं भांडं अर्धं भरलेलं, वास मारत होतं. कुंडी उजेडाला धरली आणि पहिल्यांदा मुळ्या बघितल्या. हिरव्या नव्हत्या, करड्याही नव्हत्या. चहाच्या चोथ्यासारख्या काळपट, दाबल्या की पिचणाऱ्या.

त्यानं स्वतः पिंगळीला फोन लावला. नर्मदाबाई सांगते की फोन त्यानं असा हातात कधी घेतला नव्हता, चावी धरतात तसा. "बाई," तो म्हणाला, "मुळ्या सडल्यात. आता काय करू ते सांग, मी लिहून न्हाई घेत, ध्यानात ठेवतो."

राजेश्री रागावली असंल तर फोनवर कळलं नाही. तिनं सांगितलं तसं त्यानं कात्री गॅसवर शेकून घेतली, मऊ मुळ्या कापून टाकल्या, कापल्या जागी हळद लावली, दिवसभर झाड कोरडं ठेवलं आणि तिनं ठेवलेल्या थैलीतली नवी साल घालून परत बसवलं. कडक अशा तीनच मुळ्या उरल्या. पानं दोन.

आता सवाल राहिला गावाचा. नर्मदाबाई म्हणाली पाटी लावा. हरिओम म्हणाला, आतल्या खोलीत ठेवा. आतल्या खोलीला खिडकी नव्हती, आणि पाटी लावायला सटवाजी तयार नव्हता. बैठकीच्या स्लॅबला पाळण्यासाठी कडी ठेवलेली होती. तो स्टुलावर चढला आणि तारेनं कुंडी त्या कडीला टांगून मोकळा झाला. कुणाचा हात पोचणार नाही, खिडकीचा उजेड मात्र पोचेल. खाली दाराशी तेलाच्या डब्यात गवती चहा लावून ठेवला. लोक यायचे, गिलास हातात घेऊन वर बघायचे, खाली बघायचे आणि गवती चहाला ओतायचे. चिनी भांडं कपाटावर गेलं.

देवळाच्या गल्लीची पाळी झाडापुरती मोडली. रोज सकाळी तो मान वर करून कुंडी उजेडात निरखायचा. मुळ्या करड्या झाल्या नसल्या की बादलीकडं बघायचाही नाही. कधी कधी पाळीचा दिवस उलटून जायचा न् झाड तसंच. ते त्याला आधी जड गेलं.

होळी झाल्यावर राजेश्री पोरगी घेऊन आली. नर्मदाबाईनं दारात भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. शेजारपाजार जमलाच होता, बाळाला बघायला आणि चावीचं काय होतंय ते बघायलाही. राजेश्रीनं आत येऊन आधी खिडकी बघितली, मग वर. सटवाजी स्टुलावर चढला, कुंडी उतरवून तिच्या हातात दिली. फूल नव्हतं, दांडी नव्हती. पानं दोनच, पण ताठ. कुंडीच्या कडेला एक नवी मुळी, टोकाला हिरवी.

तिनं कुंडी फिरवून फिरवून बघितली, उचलून तिचं वजन घेतलं. "जितं हाय," ती म्हणाली. मग हसली. "पण मामा, लोकाला ओतू नका मनायचं सोडून पाळण्याची कडी अडवलीत व्हय?"

"आजवर ओता ओता मनलंय," सटवाजी म्हणाला. "आता कोणत्या तोंडानं नको मनू? आन् एक सांगतो, मी बरोबरच द्यायलो होतो. जास्तीचं गाव द्यायलं होतं."

"आन् पाळी?"

"पाळीचं माझं चुकलं," तो म्हणाला आणि पाळण्याच्या दोऱ्या बघायला लागला.

कडीला पाळणा लागला. कुंडी परत खिडकीत गेली, चिनी भांड्याशिवाय. सरजाबाई बाळाचं तोंड बघून, पाणी पिऊन उठली. हातात गिलास, एकीकडं खिडकी, एकीकडं दार. सगळी बैठक तिच्या हाताकडं बघत होती.

"गवती चहाला, वयनी," सटवाजी म्हणाला.

तिनं ओतलं. त्यानं कोपऱ्यातली चावी उचलली. खालच्या गल्लीची पाळी होती, घागरी नळाला लागल्या असतील. सायकलवर टांग टाकता टाकता त्यानं आत आवाज दिला, "मुळ्या अजून हिरव्या हायेत, उद्या बी पाणी देऊ नकू," आणि टाकीकडं निघाला.