चुड्याच्या दिवशी झाकलेला हात

आमच्या नात्यात आजही सांगतात की माझ्या थोरल्या बहिणीनं ऐन वेळी लग्नाला नकार दिला. ही गोष्ट मीच पसरवली. ती खोटी आहे.

वडील लवकर गेले. अक्कानं हिमायतनगरच्या दोन खोल्यांत लोकांचे कपडे शिवून मला शिकवलं, त्यात दोघांचीही लग्नं लांबली. तिच्या हातांवर, कोपराच्या खाली, कातडीआड बोराएवढ्या मऊ गाठी होत्या. दुखत नसत. बोट लावलं की सरकत. ती पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घाली. मुलाकडचे बघायला आले तेव्हा थंडी होती, कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

मुलाकडचे आमच्याच शहरातले, नामपल्लीचे, म्हणून मुलाची मावशी चुड्याला आली होती. हिरव्या बांगड्या भरण्यासाठी कासारणीनं अक्काची बाही कोपरापर्यंत दुमडली, आणि मावशीची नजर तिथंच थांबली.

"हे काय गं? हातात बोरं पेरलीत की काय?"

दोघीतिघी हसल्या. मावशी हसली नाही. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तुमच्यात आणखी कुणाला आहे असं?"

माझा सदरा पूर्ण बाह्यांचा होता, मनगटाशी बटण लावलेला. आत माझ्याही दोन्ही हातांवर तशाच गाठी होत्या, चार-पाच पोटावरही. माझंही लग्न जुळत आलं होतं. मी म्हणालो, "नाही हो. फक्त हिलाच."

बाही वर करून म्हणायला हवं होतं, की हे बघा, मलाही आहेत, वर्षानुवर्षं आहेत, मी ठणठणीत आहे. मी तसं केलं नाही. एकटीलाच असलेली गोष्ट म्हणजे रोग, असं त्या बायांनी ठरवलं. कुणीतरी महारोगाचं नाव घेतलं. लग्न मोडल्याचा निरोप संध्याकाळी आला. भरलेल्या बांगड्या अक्कानं स्वतःच उतरवल्या, साबण लावून, एकही न फोडता.

माझं जुळत आलेलं मोडू नये म्हणून मी नात्यात सांगितलं, की अक्कानंच नकार दिला. माझं लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात बायकोच्या हाताला माझ्या गाठी लागल्या. "अगबाई, हे काय?" म्हणाली, हसली, आणि विसरलीही. ज्याला मी इतका भ्यालो होतो ते एवढंच होतं. तरीही मी गप्प राहिलो. अक्का मागच्या खोलीत राहिली, भर मे महिन्यात पूर्ण बाह्या घालून. पाहुणे आले की कणीक मळायला बसत नसे.

परवा पाठीवरची एक गाठ खुर्चीला टेकताना खुपू लागली म्हणून माझ्या मुलानं दवाखान्यात नेलं. डॉक्टर तेलुगू, पण आमच्या इकडचं हिंदी बोलणारे. दाबून बघितलं, सोनोग्राफी करवली. म्हणाले, "कुछ नहीं साहब, चरबी है." मग नीट समजावलं. कातडीखाली चरबीचा पुंजका जमतो, पातळ पिशवीत बसल्यासारखा. मऊ असतो, सरकतो. त्याची कुणाला लागण होत नाही. अडचण झाली तर काढायचा, नाहीतर राहू द्यायचा. मात्र गाठ कडक असली, झपाट्यानं वाढली किंवा दुखू लागली, तर लगेच दाखवायची. काही घराण्यांत अशा पुष्कळ गाठी येतात.

"खानदान में और किसी को है?"

जुन्या सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "नहीं."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. आपल्या आत्याचे हात त्यानं लहानपणापासून पाहिले होते.

घरी आलो तेव्हा अक्का बेगम बाजारातून आणलेल्या चिंचेतले चिंचोके काढत बसली होती. मी शेजारी बसलो आणि बाही वर केली.

"अक्का, मलाही आहेत. तेव्हाही होत्या. डॉक्टर म्हणतात नुसती चरबी आहे, घराण्यातली."

तिनं मान वर केली नाही. "ठाऊक आहे. विषमज्वरात तुझं अंग कोण पुसत होतं?"

तो ताप चुड्याच्या आधीचा होता.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुझंही मोडलं असतं." चिंचेचं एक बुटूक तिनं बाजूला ठेवलं. मग माझ्या हातावरची एक गाठ अंगठ्यानं हलकेच दाबली. गाठ सरकली. "तू बोलशील असं वाटलं होतं. त्या दिवशी नाही, तर पुढे कधीतरी."

"आणि मग?"

"मग नाही वाटलं."

चिंच संपेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो.