शेंदराखालचा डोळा

मी सायन्स शिकवते, अमरावतीच्या एका शाळेत. भूत, भानामती, उडत्या तबकड्या असलं काही मुलांनी काढलं की मी त्यांना उभं करते आणि पुरावा मागते. त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय... पण दादासाठी लिहिते आहे. कोणाला यातलं काही कळत असेल तर खरंच सांगा. चेष्टा करायला घरी माझे मिस्टर पुरेसे आहेत.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. नांदगाव खंडेश्वरजवळ शेती करतो, संत्र्याची बाग आहे. बागेवर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव. जुनी विहीर आटली म्हणून त्यानं नवी खोदायला घेतली. सुरुंगानं काळा दगड फोडत खाली गेले, तर मध्येच पांढरट गाळाच्या दगडाचा पट्टा लागला. त्यात नवल नाही, लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्याचा गाळ सापडतो, मी वर्गात शिकवते हे. पण त्या पट्ट्यातून, विहिरीच्या भिंतीतून, एक डोकं बाहेर आलं होतं.

दादाचा फोन आला तशी मी गेले, विहिरीत उतरून पाहिलं. वासराच्या डोक्याएवढं, मानेसकट. मला वाटलं हाडं असतील... हाडं नव्हती. कातडी होती. एकेक खवला वेगळा, ओठांच्या कडेला सुरकुत्या, पापणी मिटलेली. सगळं दगडाचं, पण नुकताच डोळा लागल्यासारखं. डायनासोर! मला आनंदानं वेड लागायचं बाकी होतं.

"दादा, भूगर्भवाल्यांना कळवू या, आजच."

"कळवजो नं. पयले पाणी लागू दे," दादा म्हणाला. "आत्ता सायब लोक आले तं काम बंद पाडतीन. मंग बाग कशानं जगवू मी?"

चूक काही बोलला नव्हता. मी हातातला फोन परत पर्समध्ये टाकला.

वहिनी मात्र थांबणारी नाही. आमच्याकडे दगडात जरा नाक-डोळे दिसले की शेंदूर लागलाच समजा. कुंदावहिनीनं तेलात शेंदूर कालवून त्या डोक्यावर लिंपला, आणि मग रोजच लिंपायला लागली. मी चिडले. म्हटलं, "वहिनी, अभ्यासाची वस्तू आहे ती, खराब होईल."

"होऊ द्या नं बाई. तुमचा अभ्यास काय आमाले पाणी देते? रोज खाली हे उतरतेत, तुमी नाही उतरत."



मग कवच गळालं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते – देवाला वर्षानुवर्षं शेंदूर चढवला की त्याचा जाड थर होतो आणि कधीतरी तो आपोआप सुटून पडतो. देवानं कवच सोडलं म्हणतात, गावभर वाजतगाजत फिरवतात. त्याला पिढ्या लागतात. इथे महिना-दीड महिन्यात अख्खं कवच सुटून पडलं. वहिनीनं ते टोपल्यात वर आणलं. आतून पाहिलं तर हुबेहूब साचा! मिटलेल्या पापणीची रेघसुद्धा उमटलेली. आणि कानाच्या जागेमागे एक गोल खुंटी. म्हणजे त्या जनावराला तिथे आरपार भोक होतं, काचेसारखं गुळगुळीत.

आमचे मिस्टर वकील आहेत, पण अर्धा दिवस मोबाइलवर एलियनचे व्हिडिओ पाहण्यात जातो. त्या दिवशी माझ्यासोबत आले होते, ते लगेच म्हणाले, "हे आपोआप टिकलेलं नाही. कोणीतरी लोणचं मुरवावं तसं मुरवून ठेवलंय. आणि हे भोक म्हणजे बिल्ल्याचं. आपण नाही का गायीच्या कानात पिवळा बिल्ला मारत?"

मी हसले. वहिनीसुद्धा हसली. दादा हसला नाही.

"बिल्ला असन तं मालक बी असन," तो म्हणाला.

तेव्हापासून दादा बदलला. खोदकाम थांबवलं, माणसं परत पाठवली. एकटाच खाली उतरून बसायचा. वहिनीचा फोन यायचा – जेवत नाहीत, झोपत नाहीत, बागेकडे फिरकत नाहीत. मला धास्ती लागली. देव म्हणा, डायनासोर म्हणा, मला माझा भाऊ धड हवा होता.

वहिनीचं शेंदूर लिंपणं चालूच होतं, पुढे दुसरं कवच गळालं. वहिनीनं ते दादाला न सांगता माझ्याकडे अमरावतीला आणून दिलं. मी ते उलटं केलं.

डोळा उघडा होता.

शेंदूर तडकला असेल, साचा वाकला असेल, तेल कमी-जास्त झालं असेल... सगळं करून पाहिलं मी. पहिलं कवच मी तेव्हाच घरी आणलं होतं, दोन्ही साच्यांत प्लास्टर ओतलं. खवल्याला खवला जुळतो. फक्त डोळा जुळत नाही.

मी तशीच गावाला गेले. म्हटलं, मला खाली उतरू दे. दादानं शिडी आधीच काढून टाकली होती. खूप भांडले त्याच्याशी. रडलेसुद्धा.

"मले फक्त एवढं सांग दादा, तो तुझ्याकडे पाहतो का?" रडताना माझ्याही तोंडून 'मले' निघून गेलं.

"माह्याकडे कावून पाहीन तो?" दादा शांतपणे म्हणाला. "वर पाहून राहिला. आभायाकडे."

 प्लास्टरची दोन्ही डोकी कपाटात कुलूप लावून ठेवली आहेत. कोणाला कळवावं तर दादा हात जोडतो, न कळवावं तर तो डोळ्यांदेखत खंगतोय. बागेची पानं गळून गेली आणि त्याला त्याचं काहीच नाही.

गेल्या रविवारी गेले तेव्हा त्यानं विहिरीच्या तोंडावर लाकडी बल्ल्या टाकून टिनाचे पत्रे अंथरले होते आणि त्यावर कडबा पसरत होता. मी विचारलं, हे कशाला?

"वरतून दिसू नये म्हणून."

"कोणाला?"

"ज्याची तो वाट पाहून राहिला त्याले."

ओरडायला मी तोंड उघडलं होतं. डॉक्टरला दाखवू या असं म्हणणारही होते. पण एका कोपऱ्यात टीन उघडं राहिलं होतं, उन्हात चमकत होतं... मी बाजूची पेंढी उचलली आणि त्यावर नेऊन टाकली.