बैठकीत टांगलेला सापळा

आमच्या वलगावच्या घरी वेचणी झाली की बैठकीत कापूस राहते, अन् माणसं उरलेल्या जागेत.

त्या कापसासमोरच्या भिंतीवर शनिवारी संध्याकाळी मले तीन बारकी पाखरं दिसली. राखाडी, तांदळाच्या दाण्याएवढी. (मी अमरावतीले बीएस्सी ॲग्री करतो. तिसरं वर्ष!)

"बाबा, बोंडअळीचं पाखरू! कापसात घुसलं!"

"लेका, दिसलं ते पाखरू बोंडअळीचंच असते का?"

"थांबा, पुरावाच देतो!"

आई आतून कडाडली, "उद्या सकाळी अकोल्याचे पाहुणे ताईले पाहाले येऊन राहिले, अन् तुले पाखरं सुचून राहिली?"

ताईनं माझ्याकडे नुसतं पाह्यलं. तीन हप्ते फोनवर बोलून तिले तो पोरगा पक्का आवडला होता. नजरेचा अर्थ साफ होता: काही बिघडलं तर तू गेला!

पुरावा म्हणजे कामगंध सापळा. वावरात बांबूले टांगतात तो. वर नरसाळं, खाली लांब पिशवी, आत मादीच्या वासाची रबरी गोळी. बोंडअळीचे नर वासावर धावत येतात अन् पिशवीत पडतात. मी तो वावरातून आणला अन् बैठकीतल्या पंख्याले टांगला. नर सापडला तर बोंडअळी, नाही तर नाही. एकदम सिंपल! हवा खेळावी म्हणून खिडकीही उघडी ठेवली.

सकाळी पिशवी भरलेली! भिंतीवर पाखरं, पडद्यावर पाखरं, ताईच्या नव्या साडीवर पाखरं!

"पाहा! म्हटलं होतं ना!" मी आनंदानं नाचलो. (घरात नाचणारा मी एकटाच होतो.)

बाबा घाबरले. "आता काय करा लागते?"

"सारा कापूस बाहेर! आत्ताच!"

पाहुण्यांची गाडी आली तेव्हा आम्ही बापलेक शेवटचं गाठोडं अंगणात टाकून राहिलो होतो. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. नवरा मुलगा सरळ माझ्या पाया पडला! त्याले वाटलं, आजोबा. (मी आशीर्वाद दिला. काय करू?)

ताईनं चहा आणला. मुलाच्या वडिलांनी कप उचलला, अन् टुप्! आत पाखरू. जुने कास्तकार माणूस. चिमटीत धरून उजेडात पाह्यलं.

"बोंडअळीचं हाये. नर." मग वर पंख्याकडे पाह्यलं. "सापळा घरात कोनं टांगला?"

सगळ्या घरानं माझ्याकडे पाह्यलं. सारे फितूर!

"खिडकी उघडी होती?"

"हाव, काकाजी."

"मांगं काय हाये?"

"आमची पऱ्हाटी, कापसाचं वावर."

"म्हंजे वावरातले सारे नवरदेव तूच घरी बोलावले ना बे!"

ताईनं ट्रे धाडकन खाली ठेवला. एका नवरदेवाची तयारी केली होती बिचारीनं!

"पन काकाजी, कालची तीन?" मी काडीपेटी पुढे केली. पुरावा जपून ठेवला होता ना!

"हे बोंडअळीचं नाहीच. ते तपकिरी असते, त्यावर काळे ठिपके. हे राखाडी, डब्ब्यातलं. जुना खाऊ पडला असन कुठी."

तेवढ्यात दिवाणाखालून एक राखाडी पाखरू उडालं. ते खाली वाकले अन् तिथून माझी हॉस्टेलची बॅग ओढली. आत एक डबा. झाकण उघडलं, तर नुसती जाळी, अळ्या, अन् भर्रकन दोन राखाडी पाखरं!

"कोनाचे बदाम हे?"

"याचेच!" आई रडकुंडीले आली. "डोकं चालावं म्हनून दिले होते! बह्याडानं एकही नाही खाल्ला!"

"ते तर दिसूनच राहिलं," काकाजी म्हणाले.

मुलगा एवढा हसला की ताईही हसली. मग बाबा. काकाजींनी दिवाणाखाली वाकताना मिशीले चिकटलेला कापूस झटकला अन् म्हणाले, "पोरगी पसंत हाये आम्हाले. पोट्टा तुमच्याकडेच राहू द्या."

साखरपुड्यात सगळ्यांले टॉवेल-टोपी भेटली. मले एक किलो बदाम, घट्ट झाकणाच्या बरणीत. रोज पाच खातो. अजून तरी काही फरक नाही!