खरखरीत पायरी

प्रयोगशाळेचं दार उघडलं की खारट, ओलसर गंध अंगावर येई, आणि कोथरूडच्या त्या तळमजल्यात, समुद्रापासून इतक्या दूर, मला क्षणभर भरतीची चाहूल लागल्यासारखं होई. क्षार विरघळवून केलेलं समुद्रजल काचेच्या टाक्यांत निश्चल असे. त्यात स्टेनलेस पोलादाच्या पट्ट्या लटकत, काही आरशासारख्या गुळगुळीत, काही खरखरीत. कुणाला गंज आधी धरतो हे पाहणं ही माझी नोकरी.

उदारीकरणाची ती वर्षं. सोसायटीतली मुलं संगणक शिकून परदेशी निघाली होती आणि आमच्या ह्यांचा भोसरीतला कारखाना बंद पडला होता. चाळिशी उलटल्यावर हे समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर इंजिन सांभाळायला गेले. दर रविवारी बंदरावरून फोन करत, तेवढाच काय तो आवाज.

एका सोमवारी खरखरीत पट्टीवर तांबूस ठिपका दिसला. टाचणीच्या टोकाएवढा. सुई लावली, तर ती आत आत जातच राहिली! घासताना उरलेल्या चऱ्यांत खारं पाणी दडून बसतं, तिथे हवा पोचत नाही, धातूचा रक्षक पापुद्रा पुन्हा धरत नाही, आणि वरून लखलखणारं पोलाद आतून पोखरत जातं. हे सारं मला पाठ होतं. पण त्या दिवशी मला ह्यांची बोट आठवली. बोटीला नवी स्टेनलेसची शिडी लावली म्हणून हे केवढे खूश होते! तिच्या खालच्या पायऱ्या सदैव पाण्यात, आणि त्यांवरूनच रोज होडीत उतरायचं. त्या पायऱ्या कशा घासल्या असतील? कोण सांगणार?

तो आठवडा कसा सरला, काय सांगू! रविवारी फोन वाजला आणि मी ख्यालीखुशालीही विचारली नाही.

"अहो, त्या शिडीवरून उतरू नका."

"अगं, नवी कोरी आहे. चकाकते नुसती."

"चकाकू द्या. खालच्या पायरीवर तांबडे ठिपके आहेत का, ते बघा. असले तर टोकदार काहीतरी खुपसून बघा."

ते हसले, पण बघतो म्हणाले. मग आणखी एक आठवडा.

पुढच्या रविवारी त्यांच्या आवाजातलं हसू ओसरलं होतं. "स्क्रूड्रायव्हर आरपार गेला गं. जोडाजवळच. पायरी हातात आली." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, सुटकेचं की भीतीचं, कोण जाणे.

"आता नवी मागवतोय," ते म्हणाले. "गुळगुळीत सांगू ना?"

"हो. अगदी आरशासारखी."

"पण आरशावर ओला पाय ठरेल का गं?"

इतकी वर्षं पट्ट्या पाण्यात टांगल्या, पण त्यांवर कुणाचा पाय पडणार आहे, हा विचार मला कधी शिवलाच नव्हता. खरखरीत ठेवावी तर पोलाद सडणार, गुळगुळीत करावी तर माणूस घसरणार.

"गुळगुळीतच घ्या," मी म्हणाले. "आणि अहो, दोन्ही हातांनी धरून उतरा."