अंगावरची शिवण

मी काही लेखक नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. मानसशास्त्राच्या मॅडमनी 'कामाच्या जागी विश्वास' या विषयावर दोन पानं लिहून आणायला सांगितली. पुस्तकातलं उतरवता आलं असतं. पण वही उघडली की सुईच आठवते. म्हणून हे लिहितोय. यात माझा बापही आहे. त्याच्याबद्दल लिहायचा हक्क मला आहे की नाही, ठाऊक नाही. माफी आधीच मागतो.

मागच्या उन्हाळ्यात वाटूर फाट्याजवळच्या एका बियाण्याच्या कारखान्यात कामाला लागलो. बा तिथं बारा वर्षांपासून पोत्यांची तोंडं शिवतो. पहिल्याच सकाळी फाटकावर रांग. वॉचमन शेखचाचांच्या हातात सुई आणि काळा दोरा.

"हात ऊपर, बेटा."

मी हात वर केले. चाचांनी माझ्या पँटचा खिसा चिमटीत धरला आणि शिवायला लागले. अंगावरच. परतूरच्या बाजारातून कॉलेजसाठी घेतलेली पँट. उजवा खिसा. डावा. मागचा. मग शर्टाचा. आम्ही बी चोरू नये म्हणून.

मागून कडूमावशी ओरडली, "काडी धर की दातात! अंगावर शिवू न्हाई तसं, अपशकुन व्हतो." मावशी आमच्याच वस्तीतली, बियाणं निवडायला असते. तिला खिसा नाही, म्हणून संध्याकाळी पदर आणि ओचा झाडून दाखवावा लागतो.

मी पुढं पाहिलं. रांगेतला प्रत्येक गडी हात वर करून उभा, प्रत्येकाच्या दातात गवताची काडी. 'दाती तृण धरणे', वाक्यात उपयोग करा. दहावीला मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते.

तेवढ्यात कारखान्याचे साहेब मोटारसायकलवरून आत गेले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, मोबाईल. त्यांच्यासाठी चाचांनी फाटक पूर्ण उघडलं.

लहानपणी मला वाटायचं, बाच्या कपड्यांना खिसेच नसतात. जांबच्या जत्रेतून फुटाणे आणायचा तेही टोपीत. आम्ही भावंडं त्या टोपीवर तुटून पडायचो. फार गंमत वाटायची.

चाचा टाका मुद्दाम कच्चा घालायचे. घरी दोरा ओढला की निघायचा. मी रोज काढायचो. बा काढायचा नाही.

"उद्या परत शिवायचाच हाय ना," म्हणायचा.

कारखान्याच्या आत मात्र वेगळंच. आमची भाकरीची फडकी उघड्यावर पडलेली असायची. मावशी कानातली फुलं काढून खिडकीत ठेवायची. कधी हलली नाहीत. एकाच्या पाठीला उसण भरली तर दुसरा न सांगता त्याच्या वाटचं पोतं उचलायचा. हे साहेबांना कधी दिसलं नाही. त्यांना खिसे दिसायचे.

एका दुपारी मावशीनं सोयाबीनचा दाणा उचलून उजेडात धरला. "ह्याचा डोळा, ह्यो ठिपका बघ, काळाय. पोत्यावर नाव हाय ते तपकिरी डोळ्याच्या वाणाचं. लेबलं चुकलीत."

मी बाच्याकडं पाहिलं. त्याचं दाभण थांबलं नाही.

"बा, सांगायला पाहिजे. लोक पेरतील हे."

"गप बस. आपल्याला शिवायला ठेवलंय. वाचायला न्हाई."

मला राग आला. बाचा. आज कळतं ते असं, की ज्याच्यावर विश्वास नाही तो माणूस चोरी करायला लागतो असं नाही. तो बघायचं सोडून देतो. बानं बारा वर्षांपूर्वी सोडलं असेल.

मी साहेबांकडं गेलो. ते उठून शेडमध्ये आले. मला वाटलं, पोती बघायला आले.

"तुला कसं कळलं? पोतं उघडलं का तू?"

"नाही साहेब. मावशीनं दाण्याचा डोळा पाहिला."

"दाण्याचा डोळा! कॉलेजात हेच शिकून राह्यला का? खिसा उलटा कर."

"शिवलेला आहे साहेब."

"मंग उसव."

सगळं काम थांबलं. मी दातानं, नखानं दोरा तोडला. चारही खिसे बाहेर काढले. रिकामे. कानाखाली बसली असती तर बरं, असं वाटलं. त्यात निदान माझं अंग तरी माझं राहिलं असतं.

साहेब म्हणाले, "ठीक आहे." मग बाच्याकडं वळून, "आता तूच शिवून टाक याचे. तुझा हात साफ आहे. नियम म्हणजे नियम. सगळ्यांना सारखा."

बा उठला. हातात दाभण. एक पाऊल पुढं आला. त्याची नजर माझ्या पायांवर.

मी हात वर केले नाहीत.

"सगळ्यांना सारखा ना, साहेब? मग आधी तुमचा पेनाचा खिसा शिवा."

मावशीला फिसकन हसू आलं. तिनं पदर तोंडात कोंबला. बाकीचे बारा-पंधरा जण खाली मान घालून पोत्यांकडं वळले. मला त्याच मिनिटाला काढून टाकलं. ती पोती संध्याकाळी तशीच ट्रकमध्ये चढली.

घरी जाताना बा एवढंच बोलला, "पावलं उचल. ऊन लागंल."

मी जालन्याला होस्टेलवर आलो. बाचे फोन यायचे. जेवलास का, अभ्यास करतो का, एवढंच. कारखान्याचं अवाक्षर नाही. मला वाटायचं, विसरला. विसरला तर बरंच.

परवा कडूमावशीचा फोन आला.

"चाचाला काढलं रं. टाके कच्चे घालत व्हता म्हने. आता सुई तुझ्या बाच्या हातात हाय."

मी फोन कानाला दाबला.

"साहेबानं पाठीवर हात ठिवला. इमानदार माणूस म्हनला. पक्का टाका घालतोय तुझा बा, दोरा ओढून निघत न्हाई." मग म्हणाली, "आन् रांग सरली का काडी दातात धरून सोताचे खिसे बी शिवतो. त्याला कुनी सांगितलं न्हाई तसं."

सुट्टी लागली की मी जाणार आहे. आत घेणार नाहीत, माहीत आहे. पण रांग रस्त्यावरच लागते, आणि रस्ता साहेबांचा नाही. त्या रांगेत मी बासमोर उभा राहीन, चारही खिसे उघडे. हात वर करणार नाही. आणि रांग सरली की त्याच्या दातातली काडी काढीन.