नानांनी मोडलेली आठ पानं

पाचोऱ्याचे नाना खिळे वाचत नसत, चाचपत. जुळवलेल्या ओळीवरून अंगठा फिरवला की चुकलेलं अक्षर त्यांच्या बोटालाच कळायचं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या आम्हा जुळाऱ्यांत असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमची गाठ पडली जळगावच्या एका छापखान्यात, पासष्ट-सहासष्टच्या सुमारास. जागा एक आणि त्या दिवशी आलेले उमेदवार आम्ही दोघे. मालक, म्हणजे शेठजी, म्हणाले, "नमुन्यादाखल काम बघू," आणि एका शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर आमच्या हाती ठेवला. नाना रोज सकाळच्या पॅसेंजरने यायचे, भाकरी बांधून. तीन दिवसांत त्यांची आठ पानं जुळून झाली, माझी कशीबशी तीन. जेवताना ते मला हळूच म्हणाले, "परीक्षा तं पहिल्याच दिवशी सरनी. हाई बठ्ठं काम शे." म्हणजे परीक्षा पहिल्याच दिवशी संपली, आता चाललंय ते सगळं कामच.

चौथ्या दिवशी त्यांनी सरळ विचारलं, "शेठजी, नेमणूक कोणाची?"

"अजून सहा जण यायचेत. कार्ड टाकू."

सहा जणांत स्मरणिका फुकटात पुरी होणार, हे मलाही कळलं. मी मान खाली घातली. नानांनी मात्र आपली आठ पानं पुढे ओढली, बांधलेली दोरी सोडली आणि एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायला घेतला. रागाच्या भरात सगळं जमिनीवर लोटणारे मी पाहिलेत. नानांनी दुपारपर्यंत बसून एक वेलांटीसुद्धा भलत्या खणात पडू दिली नाही.

शेठजी धावत आले. "अहो नाना, सोमवारी छापायचंय! आजपासून लावून घेतो तुम्हाला."

"तीन दिवस आधीपासून लावा."

"ते तर नमुन्याचे दिवस."

"नमुना पाहिलात ना? मग झालं," म्हणत नानांनी हात धुतले.

माझी तीन पानं तशीच उभी होती. घरी बायको बाळंतीण, मी काय करणार! नाना जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुनं राहू दे भाऊ. तुले संसार शे." संसार त्यांनाही होता, चार पोरींचा.

नोकरी मला लागली. लाज वाटायची, पण सोडली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी तिथलाच मुख्य जुळारी झालो. एका उमेदवाराला अख्खी पुस्तिका नमुन्याला द्यायला शेठजींनी सांगितलं. मी एक पान दिलं, तपासलं आणि शेठजींना म्हणालो, "माणूस चांगला आहे. दुसरं पान पगारावर." बोलताना माझा आवाज कापत होता, आणि मी तर कायम नोकरीतला माणूस. नानांच्या हाती त्या दिवशी काहीच नव्हतं, तरी त्यांचा आवाज जराही हलला नव्हता.